नोकरी मिळवताना हार्ड आणि सॉफ्ट स्किल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्ड स्किल आणि सॉफ्ट स्किल यांत नेमका फरक काय?

जे शिकवता येतं, चाचणी घेऊन तपासता येतं आणि ज्यात बरोबर-चूक ठरवता येतं ते हार्ड स्किल. वेल्डिंग, ताळेबंद तयार करणं, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत क्वेरी लिहिणं, शिरेतून सलाइन लावणं ही त्याची उदाहरणं. सॉफ्ट स्किल म्हणजे माणसांशी आणि अनिश्चित परिस्थितीशी वागण्याची रीत: समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणं, वाईट बातमी वेळेत सांगणं, हातातल्या कामांचा क्रम लावणं, मतभेद असूनही काम पुढे नेणं.

नावावरून हार्ड म्हणजे अवघड आणि सॉफ्ट म्हणजे सोपं असं वाटतं, पण तसं नाही. हे शब्द रूढ झाले ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या सुरुवातीला, अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण विभागात. यंत्रांशी संबंध असलेलं काम एका बाजूला आणि माणसं व कागदपत्रं हाताळण्याचं काम दुसऱ्या बाजूला, अशी ती विभागणी होती.

बरीच कौशल्यं या दोन्हींच्या मध्ये पडतात. तांत्रिक अहवाल लिहायला विषय कळावा लागतो आणि वाचणाऱ्याला काय कळणार नाही याचा अंदाजही लागतो. अशा कौशल्याचा कप्पा कोणता, या प्रश्नात वेळ घालवू नका. त्याचा पुरावा काय देता येईल, एवढंच पाहा.

निवड होताना जास्त वजन कशाला असतं?

तुम्ही भरतीच्या कोणत्या टप्प्यावर आहात, त्यावर ते ठरतं.

अर्जांच्या छाननीत जवळजवळ सगळं वजन हार्ड स्किल्सना असतं. समोर शेकडो अर्ज असताना वाचणारा एका अर्जाला फार थोडा वेळ देतो आणि अपेक्षित साधनं, परवाने, पदवी, कामाचा प्रकार एवढंच शोधतो. तुमचा स्वभाव कसा आहे हे कागदावरून त्याला कळू शकत नाही आणि तो शोधतही नाही.

एचआरचा पहिला फोन साधारण १५ ते ३० मिनिटांचा असतो. त्यात पगाराची अपेक्षा, रुजू होण्याची तारीख, नोकरी बदलण्याचं कारण विचारलं जातं. इथे सरळ आणि नेमकं बोलता येतं का, हे नकळत मोजलं जातं.

चाचणी किंवा तांत्रिक मुलाखत पुन्हा हार्ड स्किल्सची. त्यानंतर तीन-चार उमेदवार उरतात आणि काम सगळ्यांनाच येत असतं. तेव्हा निर्णय करणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो: या माणसाबरोबर रोज काम करणं कसं जाईल? शेवटच्या फेरीत सॉफ्ट स्किल्समुळे निवड झाली असं दिसतं ते याच कारणाने. आधीच्या फेऱ्या पार झाल्या नसत्या, तर हा प्रश्न कोणाला पडलाच नसता.

‘नोकरीतलं ८५ टक्के यश सॉफ्ट स्किल्समुळे मिळतं’ हे खरं आहे का?

तो आकडा तसा सिद्ध झालेला नाही. त्याचा माग काढला की आपण १९१८ सालच्या एका अहवालापाशी पोहोचतो. चार्ल्स मान यांनी कार्नेगी फाउंडेशनसाठी अभियांत्रिकी शिक्षणावर तो लिहिला होता. त्यात चांगल्या अभियंत्यासाठी कोणते गुण महत्त्वाचे, याबद्दल अभियंत्यांची मतं गोळा केली होती. कोणाचं यश कशामुळे आलं याचं ते मोजमाप नव्हतं. पुढे मतांचे टक्के झाले आणि टक्क्यांचं वचन झालं.

‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’ हेही असंच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ मधले ते प्रयोग भावना आणि आवड-नावड व्यक्त करण्यापुरते होते. मुलाखतीत तुम्ही काय बोलता याला महत्त्व नाही, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

सामाजिक कौशल्यांची गरज वाढते आहे, याला मात्र भक्कम आधार आहे. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९८० ते २०१२ या काळात अमेरिकेतल्या एकूण रोजगारात, माणसांशी जास्त संबंध येणाऱ्या नोकऱ्यांचा वाटा सुमारे १२ टक्के-बिंदूंनी वाढला. त्यातही गणिती आणि सामाजिक अशी दोन्ही कौशल्यं लागणाऱ्या नोकऱ्या चांगल्या वाढल्या. पुरावा जोडीच्या बाजूने आहे.

मग निवडीच्या कोणत्या पद्धती खरोखर उपयोगी ठरतात?

श्मिट आणि हंटर या संशोधकांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं. निवडीच्या वेळचा निकाल आणि नंतरची कामगिरी यांतला संबंध त्यांनी ० ते १ अशा मापात मांडला. प्रत्यक्ष कामाचा नमुना ०.५४, ठरावीक प्रश्नांची मुलाखत ०.५१, गप्पांसारखी मोकळी मुलाखत ०.३८, अनुभवाची वर्षं ०.१८ आणि शिक्षणाची वर्षं ०.१०. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये हे गणित दुरुस्त केलं आणि बहुतेक आकडे खाली आले: ठरावीक प्रश्नांची मुलाखत ०.४२, कामाच्या ज्ञानाची चाचणी ०.४०, कामाचा नमुना ०.३३, मोकळी मुलाखत ०.१९.

उमेदवाराने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. ‘दहा वर्षांचा अनुभव’ एवढंच सांगून फारसं काही सिद्ध होत नाही. त्या वर्षांत काय केलं ते दाखवावं लागतं. आणि विचारपूर्वक भरती करणाऱ्या ठिकाणी सगळ्यांना तेच प्रश्न विचारून गुण दिले जातात, त्यामुळे अशा मुलाखतीची तयारी करता येते.

रेझ्युमेत हार्ड स्किल्स कशी लिहावीत?

आधी जाहिरात वाचा आणि तिच्यात ज्या नावाने कौशल्य दिलंय त्याच नावाने लिहा. तुम्ही ‘स्प्रेडशीट’ लिहिलंत आणि छाननी करणारा ‘एक्सेल’ शोधत असला, तर तुमचा अर्ज त्याला सापडणार नाही. लघुरूप आणि पूर्ण नाव दोन्ही एकदा येऊ द्या.

नुसती नावांची रांग लावू नका. प्रत्येक महत्त्वाच्या कौशल्यासोबत तीन गोष्टी कळाव्यात: कशासाठी वापरलं, किती खोलवर, शेवटचं कधी. ‘एक्सेल’ या एका शब्दात बेरीज करणाऱ्यापासून मॅक्रो लिहिणाऱ्यापर्यंत सगळे बसतात. त्याऐवजी ‘एक्सेल: पिव्हट टेबल, पॉवर क्वेरी, दर महिन्याला सुमारे ४०,००० ओळींचा विक्री अहवाल’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला काम दिसतं.

साधारण ८ ते १२ कौशल्यं पुरेशी असतात. पंचवीस लिहिली की महत्त्वाची पाच त्यात बुडतात, आणि मुलाखतीत नेमकं विसाव्याबद्दल विचारलं जातं. जे लिहिलंय त्यावर दहा मिनिटं बोलता येणार नसेल तर ते काढून टाका. पाचपैकी चार तारे किंवा ‘पायथन ८० टक्के’ असे पट्टेही नकोत, कारण १०० टक्के म्हणजे काय हे कोणालाच सांगता येत नाही.

एटीएस आपोआप रेझ्युमे नाकारतं का?

बहुतेक वेळा नाही. एटीएस म्हणजे अर्ज साठवणारी, शोधून देणारी आणि काही ठिकाणी त्यांना क्रम लावणारी प्रणाली. आपोआप नकार येतो तो बहुधा अर्जातल्या थेट प्रश्नांमुळे: परवाना आहे का, त्या देशात काम करण्याची परवानगी आहे का, अमुक पाळीत याल का. ही उत्तरं घाईत भरू नका.

खरी अडचण मजकूर नीट वाचला न जाण्याची असते. दोन रकाने, तक्ते, चित्रात बसवलेली अक्षरं, पानाच्या अगदी वरच्या पट्टीत टाकलेला फोन नंबर, यांमुळे माहिती विस्कटते किंवा गळते. सोपी तपासणी अशी: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे क्रम बिघडला किंवा अक्षरं तुटली, तर प्रणालीलाही तो मजकूर तसाच दिसण्याची शक्यता आहे. पांढऱ्या रंगात लपवलेले शब्द तर कधीच टाकू नका. मजकूर वेगळा काढला की ते उघडे पडतात आणि विश्वास तिथेच संपतो.

सॉफ्ट स्किल्स रेझ्युमेत लिहायची की नाही?

यादी करू नका. ‘मेहनती, टीम प्लेअर, उत्तम संवादकौशल्य’ हे शब्द सगळ्यांच्याच रेझ्युमेत असतात, त्यामुळे वाचणारा त्यांवरून पुढे सरकतो. स्वतःच स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्र कोणी धरत नाही. कौशल्याचं नाव न घेता ते कामाच्या ओळीतून दिसू द्या.

‘उत्तम संवादकौशल्य’ याऐवजी: ‘वारंवार येणाऱ्या तक्रारींसाठी उत्तरांचे १४ नमुने लिहिले, टीममधले सहाही जण तेच वापरतात.’

‘नेतृत्वगुण’ याऐवजी: ‘तीन नव्या सहकाऱ्यांना पहिले सहा आठवडे काम शिकवलं, त्यासाठी तपासणी-यादी तयार केली.’

‘दबावाखाली काम करण्याची क्षमता’ याऐवजी: ‘वर्षअखेरीच्या लेखाबंदीत दोघांचं काम एकट्याने पाच दिवस सांभाळलं, अहवाल ठरल्या तारखेला दिला.’

आकडा नसेल तर ओढूनताणून आणू नका. कोणासाठी केलं, किती वेळा केलं, त्यानंतर काय बदललं, यातलं एकही पुरतं. खोटा आकडा पुढच्याच प्रश्नाला पकडला जातो: ‘हे ३० टक्के कसे मोजलेत?’

जाहिरातीतल्या सगळ्या अटी पूर्ण होत नाहीत. अर्ज करावा का?

कायद्याने लागणारी अट, म्हणजे वैद्यकीय नोंदणी, अवजड वाहनाचा परवाना, वीजकामाचं प्रमाणपत्र असं काही तुमच्याकडे नसेल, तर तिथे थांबा. बाकी अटींमध्ये पहिल्या तीन-चार बहुधा खऱ्या गरजेच्या असतात आणि शेवटच्या ‘असल्यास उत्तम’ या जातीच्या. पहिल्यांपैकी बहुतेक जमत असतील तर अर्ज करा. न येणाऱ्या एखाद्या साधनासाठी, त्याच्याशी मिळतंजुळतं काय येतं ते लिहा.

‘उत्तम संवादकौशल्य आवश्यक’ यातून त्यांना नेमकं काय हवं असतं?

या वाक्याचा अर्थ पदागणिक बदलतो. जाहिरातीतली कामांची यादी पाहा आणि हा माणूस दिवसभर कोणाशी, कशाबद्दल बोलणार आहे ते शोधा. ग्राहकसेवेत त्याचा अर्थ चिडलेल्या माणसासमोर आवाज न चढवता प्रश्न सोडवणं. डेटा विश्लेषकासाठी, आकडेमोड न कळणाऱ्या व्यवस्थापकाला दोन वाक्यांत निष्कर्ष सांगणं. घरून काम असेल तर तो जवळजवळ पूर्णपणे लेखी संवाद असतो: स्वच्छ ईमेल, न विचारता दिलेली कामाची स्थिती, अडल्यावर वेळेत टाकलेला निरोप.

‘धावपळीच्या वातावरणात काम करण्याची तयारी’ म्हणजे प्राधान्यक्रम वारंवार बदलतील. ‘स्वयंप्रेरित’ म्हणजे शिकवायला फारसं कोणी नसेल. मुलाखतीत त्याबद्दल तुम्हीही विचारा.

मुलाखतीत सॉफ्ट स्किल्स कशी तपासतात?

‘असा प्रसंग सांगा, जेव्हा…’ या प्रकारच्या प्रश्नांनी. मागे कसे वागलात त्यावरून पुढे कसे वागाल याचा अंदाज घेतला जातो. नीट रचलेल्या मुलाखतीत प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण असतात, आणि कोणत्या गुणाला कसं उत्तर अपेक्षित आहे याची वर्णनं मुलाखतकाराच्या कागदावर असतात. मतभेदाच्या प्रश्नावर ‘वरिष्ठांकडे तक्रार केली’ एवढ्याला कमी गुण मिळतील. ‘आधी त्याचं म्हणणं समजून घेतलं, कुठे एकमत आहे ते शोधलं, उरलेल्यावर निर्णय कोणी घ्यायचा ते ठरवलं’ याला जास्त.

उत्तर रचायला स्टार नावाची पद्धत सोयीची आहे: परिस्थिती, जबाबदारी, कृती, निकाल. पण बहुतेकांचं गणित वेळेच्या वाटपात चुकतं. दीड मिनिट परिस्थितीच सांगण्यात जातं आणि कृतीला दोन वाक्यं उरतात, तर गुण कृतीला असतात. दोन मिनिटांचं उत्तर धरलं तर परिस्थिती आणि जबाबदारी मिळून ३० सेकंद, कृती ७० सेकंद, निकाल २० सेकंद.

आणखी एक चूक मराठी वळणामुळे होते. आपण संकोचाने ‘आम्ही केलं’ म्हणतो, किंवा ‘ते काम करण्यात आलं’. ऐकणाऱ्याला तुमचा वाटा कळत नाही आणि कागदावर काहीच उतरत नाही. टीमला श्रेय जरूर द्या, पण ‘त्यात माझं काम हे होतं’ असं स्पष्ट म्हणा.

तिसरी चूक म्हणजे घडलेला प्रसंग विचारला असताना ‘मी असं करेन’ असं उत्तर देणं. प्रसंग आठवत नसेल तर ‘अगदी असाच प्रसंग आलेला नाही, जवळचा एक सांगतो’ म्हणून पुढे जा. ते चालतं.

किती प्रसंग तयार ठेवावेत?

सहा. मतभेद, चूक आणि तिची दुरुस्ती, वेळ कमी पडली तेव्हा काय सोडलं, कोणाला तरी शिकवलं, अधिकार नसताना काम करून घेतलं, नवीन गोष्ट पटकन शिकली. एकच प्रसंग दोन-तीन प्रश्नांना वापरता येतो. प्रत्येकाचे चार-पाच मुद्दे कागदावर काढा; पूर्ण वाक्यं पाठ करू नका, कारण मध्येच उपप्रश्न आला की पाठांतर मोडतं.

यातला स्वतःच्या चुकीबद्दलचा प्रसंग सगळ्यात जपून निवडा. ‘मी फार परिपूर्णतेच्या मागे लागतो’ हे उत्तर मुलाखतकारांनी असंख्य वेळा ऐकलेलं असतं. खरी, मध्यम आकाराची चूक सांगा. ती कधी लक्षात आली, कोणाला आणि किती लवकर कळवलं, ती पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, हे तीन तपशील त्यात हवेत. चूक कळवायला लागलेला वेळ हा प्रामाणिकपणाचा सगळ्यात थेट पुरावा असतो.

प्रात्यक्षिक चाचणीत फक्त हार्ड स्किल्स मोजतात ना?

नाही. प्रश्न अर्धवट असेल तर काम सुरू करण्यापूर्वी शंका विचारता का? वेळ संपताना जमलं नाही ते लपवता की लिहून देता? या गोष्टी तिथेच दिसतात. घरी करायच्या कामासोबत अर्ध्या पानाची टीप जोडा: काय गृहीत धरलं, कोणता पर्याय का सोडला, आणखी एक दिवस मिळाला असता तर काय केलं असतं. एखादी त्रुटी राहिली तरी ही टीप तुमचा विचार दाखवते.

समोर बसून सोडवायचं असेल तर मोठ्याने विचार करा. गप्प बसून बरोबर उत्तर काढलंत तर फक्त उत्तर दिसतं, आणि गप्प बसून चुकलात तर काहीच दिसत नाही.

चाचणीचं काम काही दिवसांचं असेल आणि मोबदल्याचा उल्लेख नसेल, तर ‘यासाठी किती वेळ अपेक्षित आहे?’ असं नम्रपणे विचारा. त्या उत्तरातून तुम्हालाही कंपनी कळते.

अनुभवच नाही. पुरावा कुठून आणायचा?

हार्ड स्किलसाठी एक पूर्ण झालेलं काम दहा अभ्यासक्रमांपेक्षा जास्त बोलतं. पूर्ण म्हणजे दुसऱ्या कोणीतरी वापरलेलं किंवा तपासलेलं. सॉफ्ट स्किलसाठी गटप्रकल्प, स्वयंसेवी काम, अर्धवेळ नोकरी, घरच्या व्यवसायातली जबाबदारी, सगळं चालतं. गटातल्या एकाने काम सोडून दिलं तेव्हा तुम्ही काय केलंत, हा प्रसंग जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याकडे असतो आणि तो मुलाखतीला उत्तम लागू पडतो.

काम येतं, पण मुलाखतीत बोलताना अडखळतो. काय करावं?

अस्खलित बोलणं आणि स्पष्ट बोलणं वेगळं. गुण स्पष्टतेला मिळतात. तीन सवयी लावा. उत्तराचं पहिलं वाक्य निष्कर्षाचं ठेवा, कारण नंतर गोंधळ झाला तरी मुद्दा पोहोचलेला असतो. प्रश्न संपल्यावर ‘एक क्षण विचार करतो’ म्हणून पाच सेकंद घ्या. समोरच्याला ती शांतता तुम्हाला वाटते तितकी लांब वाटत नाही. आणि स्वतःच्या उत्तरांचं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून ऐका. पहिल्यांदा ऐकवत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत लांबलेली वाक्यं आणि ‘म्हणजे, म्हणजे’ आपोआप कमी होतात.

जमल्यास एखाद्या मित्राकडून, त्या विषयातलं काही न कळणाऱ्याकडून, सराव मुलाखत घ्या. त्याला कळलं तर एचआरलाही कळेल.

उलट, बोलणं चांगलं आहे पण तांत्रिक बाजू कच्ची असेल तर?

गोड बोलून तांत्रिक फेरी निघत नाही, आणि चुकून निघालीच तर त्रास नोकरीत होतो. त्याच पदाच्या दहा जाहिराती घ्या, त्यांत सगळ्यात जास्त वेळा येणारी तीन कौशल्यं काढा आणि त्यांतलं एकच आधी पक्कं करा. न येणाऱ्या प्रश्नाला ‘हे मला माहीत नाही, शोधायचं झालं तर सुरुवात इथून करेन’ एवढं म्हणा. अंदाजाने ठोकलेलं उत्तर जाणकाराला लगेच ओळखू येतं आणि मग आधीच्या बरोबर उत्तरांवरही शंका येते.

सॉफ्ट स्किल्सच्या प्रमाणपत्राचा उपयोग होतो का?

निवडीत फारसा नाही. अभ्यासक्रमातून पद्धत कळते, सवय रोजच्या कामात लागते. प्रत्येक बैठकीनंतर तीन ओळींत ‘काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत’ असा निरोप पाठवायला लागा. काही महिन्यांत संवाद, नियोजन आणि जबाबदारी या तिन्हींचे पुरावे तुमच्या मेलबॉक्समध्ये जमा झालेले असतील.

सतत नकार येतोय. कमी कुठे आहे हे कसं ओळखावं?

अर्जांची वही ठेवा: तारीख, पद, कोणत्या टप्प्यावर थांबलं. वीस-तीस अर्ज झाले की आकृती दिसू लागते.

फोनच येत नसेल तर रेझ्युमे किंवा पदाची निवड चुकते आहे. जाहिरातीतले शब्द आणि तुमच्या ओळी शेजारी ठेवून पाहा. पहिल्या फोननंतर थांबत असेल तर बहुधा पगार, ठिकाण किंवा नोकरी सोडण्याच्या कारणाचं उत्तर अडतंय. आधीच्या वरिष्ठांबद्दल कडवट बोलणं इथे सर्वांत जास्त नडतं. चाचणीत थांबत असेल तर हार्ड स्किल, आणि तेही नेमकं कोणतं, हे चाचणीतून उठल्यावर त्याच दिवशी लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी प्रश्न आठवत नाहीत. शेवटच्या फेरीत वारंवार थांबत असेल तर तुमचे सहा प्रसंग पुन्हा तपासा.

एखाद्या नकारामागे तुमचा काही संबंधच नसतो: पद रद्द होतं, आतला माणूस घेतला जातो. म्हणून एका नकारावरून रेझ्युमे बदलू नका. प्रतिसाद मागायचा तर ‘माझं काय चुकलं?’ असं विचारू नका, त्याला बहुतेक जण उत्तर देत नाहीत. ‘पुढच्या तयारीसाठी एकच गोष्ट सुधारायची झाली तर कोणती?’ असं दोन ओळींत, निकाल कळल्यावर एक-दोन दिवसांत विचारा. आलेलं उत्तर वहीत त्याच अर्जासमोर लिहा. तीच सूचना दोन वेगळ्या ठिकाणांहून आली, की तिच्यावर काम सुरू करा.